बाकी शून्य, पण संगणकाला पटत नाही

१ मिलिलिटर औषधाचे ०.१ मिलिलिटरचे डोस केले, तर बाकी किती? शाळकरी मूल शून्य सांगेल. अनेक प्रोग्रामिंग भाषा मात्र ०.०९९९… सांगतात, म्हणजे जवळजवळ अख्खा डोस शिल्लक! १/३ जसा दशांशात संपत नाही, तसा ०.१ संगणकाच्या द्विमान पद्धतीत संपत नाही. साठवलेला ०.१ किंचित मोठा असतो. दहावा डोस बसत नाही. हे हसण्यावारी नेऊ नये. १९९१ मध्ये सौदी अरेबियातील धाहरानला ०.१ सेकंदाची अशीच शेपटी कापली गेल्याने पॅट्रियट यंत्रणेचे घड्याळ १०० तासांत ०.३४ सेकंद चुकले. स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही, २८ अमेरिकी सैनिक दगावले. डोसाच्या हिशेबाला पायथनमधील ‘डेसिमल’ वापरावे, बाकी शून्यच येते. मात्र ०.१ अवतरणचिन्हांत लिहावा. नाहीतर जुनीच चूक आत शिरते.