मुंबई मराठी होती, मग बिघडली?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या हर्णेत शिमग्याला चाकरमानी आले की मुंबईचा विषय निघतोच, आणि कुणीतरी म्हणतंच, 'आमच्या आजोबांच्या वेळची मुंबई सगळी मराठी. नंतर बाहेरच्यांनी घालवली.'

आजोबांच्याही आधीची, 1881 ची जनगणना पाहा. मुंबईची वस्ती 7,73,196. मराठी बोलणारे निम्म्याच्या आसपास. गुजराती बोलणारे चौथा हिस्सा तरी होतेच. शिवाय साधारण दर सहा मुंबईकरांत एक जण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला (तेव्हा सिंधुदुर्गही त्यातच होता). म्हणजे मुंबईचा मराठी माणूसही बऱ्याच अंशी बाहेरूनच आलेला. हर्णेसमोर आगबोट नांगर टाकायची, मचव्यातून तिच्यापर्यंत जायचं आणि पुढे गिरणीत नाहीतर गोदीत काम शोधायचं. पुढे 1961 सालीही शहरात मराठी भाषक सुमारे 43 टक्केच होते.

अशाच आकड्यांवरून उलटा युक्तिवादही झाला : बहुमत नाही, तर मुंबई महाराष्ट्राची कशी? 1955 च्या राज्य पुनर्रचना आयोगाने ती स्वतंत्र मराठी राज्याला दिली नाही, आणि 1 मे 1960 उजाडेपर्यंत लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं. बहुमत नाही तर हक्क नाही, हा गैरसमज मला पहिल्याहून घातक वाटतो. शहर कोणत्या मुलखात वसलंय आणि कोणाच्या श्रमावर उभं आहे, हे शिरगणतीत दिसत नाही. ब्रसेल्सभोवती डच बोलणारा फ्लँडर्स आहे, शहरात मात्र फ्रेंचचा वरचष्मा. 1897 च्या रशियन जनगणनेत विल्नियसमध्ये लिथुआनियन भाषक जेमतेम 2 टक्के होते. आज ती लिथुआनियाची राजधानी आहे.

'आता मुंबईत हिंदीच पहिली' हेही खरं नाही. 2011 मध्ये 1.24 कोटी मुंबईकरांपैकी 44.04 लाखांची मातृभाषा मराठी होती, हिंदी 35.98 लाखांची. त्या हिंदीतही जनगणना भोजपुरी, मारवाडी वगैरे बोली मिळवते. राज्यभरात मराठीचा वाटा 69 टक्के, राजधानीत 35 च्या आसपास. तफावत मोठी आहे, ती नाकारायचं कारण नाही. दहा वर्षांत मुंबईतले मराठी भाषक 45.23 लाखांवरून खाली आले. पण त्याच काळात बेटावरच्या शहराची एकूण वस्तीही 33 लाखांवरून 31 लाखांच्या खाली आली. लालबाग-परळच्या चाळीतली बिऱ्हाडं डोंबिवली-विरारला गेली आणि मोजली गेली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात.

राहिला शेवटचा समज : मुंबई सरमिसळ, पण गाव अस्सल आणि एकजात. कुठलं गाव? हर्णे तर नक्की नव्हे. इथे कोळी आहेत, भंडारी आहेत, मुसलमानांची जुनी वस्ती आहे. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 च्या सातव्या खंडात याच किनाऱ्यावरच्या बाणकोटी आणि दालदी या बोलींची वेगळी नोंद आहे. घरात कोकणी बोलणारे इथले कित्येक मुसलमान मातृभाषेच्या रकान्यात उर्दू सांगतात, त्यामुळे आपला जिल्हासुद्धा कागदावर दिसतो तसा कानाला ऐकू येत नाही. आता तर रत्नागिरीच्या मासेमारी बोटींवर नेपाळी खलाशी आहेत. नेपाळला समुद्र नाही, पण आपली पोरं मुंबईला गेल्यावर जाळी ओढायला कुणीतरी लागतंच.