आजचा ‘ना’ कालच्यासारखा का वाटत नाही?

नवी पुडी चढवलेला तबला दुकानात गोड वाटतो. घरी आणून दोन दिवस वाजवला की चाट टोचू लागते. पुढच्या आठवड्यात दोन सरी पडून जातात आणि तोच तबला झाकोळल्यासारखा, बसक्या आवाजाचा वाटतो. मग एके दिवशी काहीही न करता तो पुन्हा आवडू लागतो. डग्ग्याचंही तेच. काल ज्याची घुमार हवीहवीशी होती, ती आज नको इतकी वाटते. वादकाचे हे बदलते कौल घरच्यांना लहर वाटतात, आणि कित्येकदा वादकालाही स्वतःच्या कानाची शंका येते. त्याने ती घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. या बदलांमागे कातड्याचं, हवेचं आणि कानाचं भौतिकशास्त्र आहे, आणि त्यातला बराचसा भाग मोजता येतो.

आधी तबल्याचं वेगळेपण पाहू. कुठलंही साधं गोल कातडं ताणून वाजवलं तर त्यातून एकाच वेळी अनेक कंपनं उठतात. मूळ कंपनसंख्या १ धरली, तर वरची कंपनं १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा आडनिड्या पटींत येतात. त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, म्हणून बहुतेक चर्मवाद्यांतून ठोका ऐकू येतो, सूर नाही. तबल्यात मात्र सूर आहे. याचं कारण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलं. १९२० मध्ये त्यांनी सहकारी एस. कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण लिहिलं आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध. पुडीवर बारीक वाळू भुरभुरवून बोल वाजवला की वाळू स्थिर रेषांवर जमते. त्या आकृत्यांवरून रामन यांनी दाखवून दिलं, की पुडीची नऊ वेगवेगळी कंपनं पाच गटांत येतात आणि ते गट जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा सरळ पटींत बसतात. ही किमया शाईची. लोहचूर्ण आणि भाताची खळ यांचे थरावर थर देत, प्रत्येक थर दगडाने घोटत कारागीर मध्यभागी वजन वाढवत नेतो. घोटताना पडलेल्या सूक्ष्म भेगांमुळे शाई जड असूनही लवचीक राहते. हे प्रमाण बसवणाऱ्या कारागिरांकडे समीकरणं नव्हती. त्यांचे कानच तेवढे तयार होते, आणि रामन यांनी या कारागिरीची थोरवी मोकळेपणाने मान्य केली.

पण जे वाद्य इतक्या नाजूक हिशोबावर उभं आहे, ते थोड्याशा बदलानेही बिघडतं. पुडीची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. काळी एकवरून काळी दोनकडे जाताना मध्ये जो एक अर्धस्वर लागतो, तेवढं चढायचं तर कंपनसंख्या सुमारे सहा टक्क्यांनी आणि ताण सुमारे बारा टक्क्यांनी वाढावा लागतो. उलट बाजूने पाहिलं तर ताणात तीन टक्के घट झाली की सूर पाव अर्धस्वराने उतरतो, आणि तेवढं उतरणं तंबोऱ्यासमोर बसलेल्या माणसाला लगेच खटकतं. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचे तंतू. ते हवेतली ओल शोषतात, फुगतात, सैल पडतात. शिवाय पाण्याचं वजन वाढतं ते वेगळंच. कोकणातल्या श्रावणात तबला उतरतो आणि विदर्भातल्या वैशाखात चढतो तो यामुळे. पुण्यातल्या डिसेंबरमध्ये उघड्या मांडवात संध्याकाळी मिळवलेला तबला रात्र चढेल तसा उतरू लागतो, कारण हवा गार होताना तिची सापेक्ष आर्द्रता वाढते. व्यासपीठावरचे प्रखर दिवे त्याच्या उलट काम करतात.

हलगीवाले वाजवण्यापूर्वी हलगी जाळावर शेकतात ते हेच ओलं कातडं ताणून घेण्यासाठी. पखवाजाच्या डाव्या मुखावर ताजी कणीक लावतात. तिच्या वजनाने सूर खर्जात जातो, आणि ती वाळू लागली की आवाजही पालटतो, म्हणून वादक अधूनमधून पाण्याचा हात फिरवतो.

सूर नुसता चढला-उतरला असता तर हातोडीने प्रश्न मिटला असता. खरी गोम घरांत आहे. तबल्याच्या गजऱ्यात वादी ओवायला सोळा घरं असतात आणि ओल, ऊन, वापर यांचा परिणाम सगळीकडे सारखा होत नाही. एखादं घर थोडं सैल पडलं की जी कंपनं एरवी पुडीवर कुठल्याही दिशेने एकाच सुरात झाली असती, ती दोन दिशांना दोन किंचित वेगळ्या सुरांत होतात. त्या दोन सुरांत सेकंदाला तीन कंपनांचा फरक असेल, तर आवाज सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो. सूर बरोबर असूनही ‘आज तबला बोलत नाही’ असं जे वाटतं, त्यात बहुधा या थरथरण्याचा वाटा असतो. तबलजी गजऱ्याभोवती एकेक घर ठोकून पाहतो तेव्हा तो हीच दुफळी शोधत असतो.

इथपर्यंत दोष कातड्याचा. मग कातडंच काढून टाकलं तर? पाश्चात्त्य ड्रमवादकांनी ते केलं. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत पॉलिएस्टरच्या पातळ पडद्याची पानं बाजारात आली आणि काही वर्षांत वासराचं कातडं मागे पडलं. या पानांना पावसाची फारशी फिकीर नसते. तरीही ड्रमवादकाला काल पसंत पडलेला स्नेअर ड्रम आज पत्र्यासारखा वाटतो. वाद्य फारसं बदललेलं नसताना पसंती बदलते, तेव्हा बदल ऐकणाऱ्याच्या बाजूला झालेला असतो. मला या विषयातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

आवाजाची पातळी बदलली की त्याचा तोल बदलतो. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. हळू ऐकताना १०० हर्ट्झचा खर्ज १००० हर्ट्झच्या सुराइतका ठळक वाटायचा असेल, तर त्याला वीसहून अधिक डेसिबल जादा द्यावे लागतात. आवाज वाढवला की ही तफावत कमी होत जाते. म्हणून शेजाऱ्यांना त्रास नको या विचाराने दबक्या हाताने केलेल्या रात्रीच्या रियाजात डग्गा पोकळ वाटतो, आणि मैफलीत मोकळ्या हाताने वाजवला की तोच भरून येतो. या दोन प्रसंगी एकाच वादकाला दोन वेगळे डग्गे हवेसे वाटणं अगदी रास्त आहे.

मोठ्या आवाजानंतर कान स्वतःही बदलतो. मध्यकर्णातला एक इवला स्नायू आवाज वाढताच आकसतो आणि तिथल्या इवल्या हाडांच्या साखळीतलं शेवटचं हाड आवळून धरतो. त्यामुळे मुख्यतः खालचे सूर अडतात. हे तात्पुरतं, आवाजापुरतं. पण दोन-तीन तास मोठा आवाज कानावर पडत राहिला, की आतल्या कानातल्या केसपेशी थकतात आणि ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यातलं ऐकणं काही काळ मंदावतं. चाटीचा टोकदारपणा, बोटाच्या आघाताची कड, स्नेअरची सरसर या गोष्टी बऱ्याच अंशी याच भागात असतात. कार्यक्रमानंतर वादकाला आवाज बोथट वाटतो, तो टीपेकडे झुकतो, चाट अधिक कडक करून घेतो. रात्र उलटते, कान सावरतो, आणि सकाळी तोच तबला टोचतो. लेखाच्या सुरुवातीच्या तक्रारींपैकी निम्म्या तरी इथे सुटत असाव्यात, असा माझा कयास आहे.

याशिवाय तुलना असतेच. प्रखर आवाज ऐकल्यावर लगेच कानी पडलेला मधला आवाज मऊ भासतो, आणि मऊ आवाजानंतर तोच प्रखर. मज्जासंस्था सततच्या गोष्टीला प्रतिसाद कमी करते आणि फरकाला वाढवते. तासभर बारीक तोंडाच्या टीपेच्या तबल्यावर रियाज करून ढाल्या सुराच्या तबल्यावर हात ठेवला तर तो जितका गहिरा वाटतो, तितका तो एरवी वाटत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल बर्लाइन यांनी १९७१ मधल्या ग्रंथात आवडीचा असा आलेख मांडला, की ओळख वाढते तशी आवड वाढते आणि एका टप्प्यानंतर उतरू लागते. रोज तोच ‘ना’ हजारो वेळा वाजवणारा माणूस या आलेखावर श्रोत्यापेक्षा फार वेगाने प्रवास करतो. श्रोत्याला अजून गोड वाटणारा आवाज वादकाला शिळा वाटतो तो त्यामुळे. आणि वादक नुसत्या कानांनी ठरवत नाही. ताणलेली पुडी बोट लवकर परत फेकते, सैल पुडी हात धरून ठेवते. बोटांना आलेला हा अनुभव आवाजाच्या मतात मिसळतो.

म्हणून पुडी पसंत करणं, घरं मिळवणं, दोन तबल्यांतून एक निवडणं ही कामं रात्रभर शांत राहिलेल्या कानांनी सकाळी करावीत. तुलना करताना दोन्ही वाद्यांचा आवाज सारख्याच पातळीवर आणावा, कारण जरा मोठा आवाज बहुतेकांना अधिक चांगला वाटतो. रोज एकाच खोलीत, मोबाइल त्याच जागी ठेवून चार बोल ध्वनिमुद्रित केले, तर वाद्य किती हललं आणि आपण किती हललो, हे महिन्याभरात वेगळं दिसू लागतं.

कानाच्या थकव्याबद्दल मात्र एक गोष्ट तबलजींपेक्षा ढोल-ताशा पथकांतल्या मुलामुलींना सांगायला हवी. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर प्रयोग केला. मोठ्या आवाजानंतर उंदरांची श्रवणक्षमता चाचणीत पूर्ववत झाली, पण कानाच्या काही भागात केसपेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे जवळपास निम्मे सांधे कायमचे गेलेले आढळले. ‘सकाळी कान मोकळा झाला’ म्हणजे इजा भरून आली असं धरता येत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास आणि १०० डेसिबलमध्ये फक्त पंधरा मिनिटं ही मर्यादा आहे. गणपतीच्या आधी नदीपात्रात रोज संध्याकाळी होणारा सराव पंधरा मिनिटांत संपत नाही. कानात घालायच्या बुचांच्या जोडीला ढोलाच्या एका पानाइतकाही खर्च येत नाही, आणि ती पथकाच्या सामानाच्या यादीत टिपरूच्या बरोबरीने असायला हवी.