दुसरा योहान

७ जुलै १९७४, म्युनिक. फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत नुकती सुरू झालेली. पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंच्या पायाला चेंडू लागण्याआधीच नेदरलँड्सच्या योहान क्रायफला पेनल्टी क्षेत्रात पाडण्यात आलं. पेनल्टी घ्यायला आला २२ वर्षांचा योहान नेस्केन्स. गोलरक्षक सेप मायरनं एका बाजूला झेप घेतली आणि नेस्केन्सनं चेंडू सरळ मधोमध हाणला. नेदरलँड्स १-०!

सामना शेवटी जर्मनीनं २-१ असा जिंकला. पण त्या स्पर्धेत नेस्केन्सनं पाच गोल केले, तेही मधल्या फळीतून.

१९५१ मध्ये हेमस्टेड इथं जन्मलेला हा खेळाडू आयाक्स क्लबकडून सलग तीन युरोपियन चषक जिंकला. १९७१ च्या अंतिम सामन्यात तर तो चक्क उजव्या बगलेचा बचावपटू होता! पुढं बार्सिलोना, मग न्यूयॉर्क कॉसमॉस.

टोटल फुटबॉल, म्हणजे कुणीही कुठल्याही जागी खेळण्याची डच शैली, म्हटलं की सगळे क्रायफचं नाव घेतात, आणि ते योग्यच. पण प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून चेंडू हिसकावणारा, क्षणात गोलपाशी पोचणारा नेस्केन्स नसता, तर ती शैली इतकी धारदार झालीच नसती. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ७३ व्या वर्षी, अल्जीरियात त्याचं निधन झालं. प्रशिक्षणाच्या कामासाठीच तो तिथं गेला होता.