कवटीला विचारलेला प्रश्न

परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी परत येताना काय आणतो? पदवी, पुस्तके, थंडीचे कपडे आणि सांगायला पुष्कळ गोष्टी! पण मार्गदर्शक प्राध्यापकांना हवे असलेले उत्तर बाजूला ठेवून, मोजमापांनी दिलेले उत्तर लिहून परत येणारा विद्यार्थी विरळाच. आज अशाच एका विद्यार्थिनीची ओळख करून घेऊ. तिचे नाव इरावती कर्वे.

'युगान्त' या पुस्तकामुळे हे नाव तुमच्या कानावर आले असेल. १९०५ साली ब्रह्मदेशात त्यांचा जन्म झाला आणि तेथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षण पुण्यात झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर हे त्यांचे पती. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः जर्मनीत शिकून आले होते. पत्नीनेही तेथे जाऊन शिकावे, असे त्यांना मनापासून वाटे. गंमत अशी की, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींना मात्र सुनेने इतक्या दूर जाणे पसंत नव्हते. अखेर डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ साली इरावतीबाई बोटीने जर्मनीला निघाल्या. वय होते अवघे तेवीसच्या आसपास.

चौदा अंशांवरचा सूर्य

बर्लिनमधला हिवाळा कसा असेल, याचा अंदाज तुम्हाला घरबसल्या करता येईल. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर असतो, हे काढण्याची रीत सोपी आहे. ९० मधून त्या गावाचा अक्षांश वजा करा, मग आणखी २३.५ वजा करा. आपले शिरड शहापूर सुमारे १९.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे आपल्याकडे त्या दिवशी दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो. बर्लिनचा अक्षांश ५२.५ अंश, तेथे तो केवळ १४ अंशांवर! किरण इतके तिरपे पडले की तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. त्यामुळे तेथल्या जमिनीला आपल्या तुलनेत चौरस मीटरमागे जेमतेम एक-तृतीयांश ऊर्जा मिळते. दिवसही आपल्याकडे अकरा तासांचा, तर तेथे पावणेआठ तासांचाही नाही. पुण्याच्या उन्हात वाढलेल्या मुलीला हे सारे नवे होते. प्रबंध लिहायचा तोही जर्मन भाषेत.

पण विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले, तर बर्लिन म्हणजे त्या काळची पंढरीच होती. आइन्स्टाइन, प्लांक आणि श्रोडिंजर त्याच शहरात होते. शहराच्या कडेला असलेल्या डालेम या उपनगरात एकापेक्षा एक संशोधन संस्था उभ्या होत्या. लिझे माइट्नर तेथेच काम करीत होत्या. याच डालेममध्ये १९२७ साली आणखी एक संस्था सुरू झाली होती : मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था. तिचे संचालक होते प्रा. ऑयगेन फिशर. इरावतीबाई त्यांच्याच विद्यार्थिनी झाल्या.

प्रश्न सोपा, हेतू वाकडा

आरशात नीट पाहा. तुमच्या चेहऱ्याची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नाही. एक भुवई किंचित वर असेल, एक कान किंचित मोठा. कवटीचेही तसेच असते. दोन बाजूंमधल्या या फरकाला असममिती म्हणतात. निरोगी माणसातही ती असतेच.

प्रा. फिशर यांचे गृहीतक असे होते की, गोऱ्या युरोपीय लोकांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, त्याला जागा करून देण्यासाठी त्यांची कवटी असममित बनते, आणि हे अधिक बुद्धीचे लक्षण आहे. इतरांच्या कवट्यांत हा फरक दिसणार नाही, अशी त्यांची अपेक्षा होती. या गृहीतकाला मोजमापांचा आधार मिळवून देण्याचे काम या भारतीय विद्यार्थिनीकडे आले.

संस्थेला उपलब्ध असलेल्या संग्रहांत जगाच्या निरनिराळ्या भागांतून आणलेल्या कवट्या होत्या. युरोपीय राष्ट्रांनी वसाहतींतून अशा हजारो कवट्या गोळा केल्या होत्या. पुष्कळदा त्या माणसांच्या आप्तांना विचारलेही नव्हते. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. फरक मिलिमीटरांचा, म्हणून एकेक माप काळजीने घ्यायचे, लिहायचे आणि मग आकड्यांची तुलना करायची.

आकडे कसे बोलतात?

येथे थोडे थांबू आणि एक बनवलेले उदाहरण घेऊ. 'अ' गटातील पाच कवट्यांमध्ये डाव्या-उजव्या बाजूंतला फरक १, ३, ४, ६ आणि ८ मिलिमीटर आला. 'ब' गटात तो १, २, ५, ६ आणि ७ आला. सरासरी काढा : 'अ' गटाची ४.४, 'ब' गटाची ४.२. म्हणजे दोन गटांतला फरक ०.२ मिलिमीटर. आता प्रत्येक गटाच्या आत पाहा. 'अ' गटात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात ७ मिलिमीटरांचे अंतर आहे, 'ब' गटात ६ चे. गटाच्या आत इतकी विविधता असताना, दोन गटांमधल्या त्या ०.२ ला काही अर्थ उरतो का?

पण एखाद्याने आधीच ठरवले असेल की 'अ' गट असममित असलाच पाहिजे, तर तो काय करील? 'अ' मधून ६ आणि ८ उचलील, 'ब' मधून १ आणि २. झाले गृहीतक सिद्ध! हे आकडे खोटे नाहीत, पण निष्कर्ष मात्र खोटा आहे. वसमतच्या बाजारात हळद घेणारा केवळ पोत्याच्या तोंडाशी असलेली हळकुंडे पाहून भाव ठरवत नाही. तो हात आत घालतो. शास्त्रज्ञानेही तेच करायचे असते.

इरावतीबाईंनी सगळी मापे समोर ठेवली. निष्कर्ष असा आला की, कवटीची असममिती आणि वंश यांचा काही संबंध नाही.

आता त्यांची परिस्थिती लक्षात घ्या. डोक्यावर कर्ज, देश परका आणि पदवी ज्यांच्या हाती तेच प्राध्यापक गृहीतकाचे जनक. बरे, त्यांचे म्हणणे खोडून काढणारी विद्यार्थिनी ही गुलाम देशातून आलेली, त्या गृहीतकानुसार 'कमी बुद्धीच्या' लोकांपैकी! तरीही त्यांनी जे मोजले तेच लिहिले. १९३० साली त्या मायदेशी परतल्या. मानवी कवटीच्या स्वाभाविक असममितीवरचा त्यांचा जर्मन प्रबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना मिळाली.

पुढे काय झाले?

एका प्रबंधाने जग बदलत नाही. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी प्रा. फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि सक्तीने निर्बीजीकरण करण्याचा कायदा जर्मनीत झाला. डालेमची ती संस्था नाझींच्या वंशवादाला शास्त्राची झूल चढवीत राहिली. दुसऱ्या महायुद्धात तर ऑशविट्झच्या छळछावणीतील कैद्यांच्या शरीराचे नमुने तेथे तपासणीसाठी येत. चुकीच्या गृहीतकाला सत्ता मिळाली की त्याची किंमत माणसे प्राणांनी मोजतात, ती अशी.

मोजमापे मात्र टिकली. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने कवटीऐवजी रक्तातील प्रथिने आणि रक्तगट घेऊन हाच प्रश्न तपासला. माणसामाणसांतील एकूण आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत आढळली. तथाकथित वंशांमध्ये असलेला वाटा जेमतेम ६ टक्के निघाला! आपल्या उदाहरणातील ७ आणि ०.२ आठवतात ना?

इरावतीबाईंनी भारतात आल्यावरही मोजणे सोडले नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. मोजमापाची साधने घेऊन त्या गावोगाव हिंडल्या. कुटुंबे, नाती आणि जाती यांचा त्यांनी प्रत्यक्ष जाऊन अभ्यास केला. १९७० साली त्यांचे निधन झाले.

करून पाहा

वर्गातील वीस मुलामुलींचे दोन गट करा. आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून करा, म्हणजे वाद नको. प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपरने प्रत्येकाच्या डाव्या आणि उजव्या मधल्या बोटाची लांबी तीन-तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. समजा उजवे बोट ७.६४ सेंटिमीटर आणि डावे ७.५६ भरले. फरक ०.०८, दोन्हींची सरासरी ७.६०. फरकाला सरासरीने भागून १०० ने गुणा : असममिती सुमारे १.०५ टक्के. असे वीस आकडे मिळवा आणि दोन गटांची तुलना करा.

एक पथ्य पाळा. मोजणाऱ्याला समोरचा मुलगा कोणत्या गटातला आहे, हे सांगू नका. ती नोंद दुसऱ्याने ठेवावी. कारण मनात उत्तर तयार असले की व्हर्निअरची रेघही आपल्याला हवी तेथे जुळल्यासारखी दिसते. मापे घेण्यापूर्वी तुमचा अंदाज एका कागदावर लिहून शिक्षकांकडे द्या. शेवटी तो उघडा. अंदाज चुकला, तर अंदाज खोडा. आकडे खोडू नका.