आकाशाची वजाबाकी

दुर्बिणीला डोळा लावून बसलेला ज्योतिर्विद पाहावयास मिळेल, या अपेक्षेने दुर्गापुऱ्यातील माझ्या भाच्याच्या खोलीत जो कोणी शिरेल, त्याची निराशाच व्हावयाची. कारण टोंक रस्त्याच्या वर्दळीलगतच्या त्या खोलीत आहे तो केवळ एक संगणक, आणि त्यात जून २००८ मध्ये अंतराळात गेलेल्या फर्मी उपग्रहाने टिपलेल्या गॅमा-प्रकाशकणांचे दफ्तर, ज्याच्या प्रत्येक ओळीत एकेका कणाची वेळ, दिशा आणि ऊर्जा नोंदलेली असते.

कोमा समूहातील दीर्घिका ज्या वेगाने धावतात, तो पाहता दृश्य द्रव्याच्या आकर्षणाने त्या एकत्र राहणे शक्य नाही, हे फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली दाखविले. तेव्हा त्यांना बांधून ठेवणारे काही अदृश्य द्रव्य तेथे असावे. या अदृश्य द्रव्याचे कण परस्परांशी भिडून नष्ट होत असतील, तर त्यातून गॅमा किरण निघावेत, असा एक तर्क आहे. आणि ते शोधण्यासाठी, जेथे हे द्रव्य विपुल आहे, असा कन्या समूह भाच्याने निवडला होता.

काम मात्र सारे वजाबाकीचे. पृथ्वीच्या वातावरणातून उठलेले कण प्रथम खारीज करावयाचे. मग मुरलेल्या कारकुनाने सालअखेरचा ताळेबंद जुळवावा तसा, आकाशगंगेतील वायूवर वैश्विक किरण आदळून निघणारा उजेड, सर्व दिशांनी येणारा मंद उजेड आणि एम ८७ दीर्घिकेसारखे ज्ञात उगम, प्रत्येकाच्या खाती त्याचा हिस्सा टाकावयाचा. त्यातही अडचण अशी, की कमी ऊर्जेच्या कणाची दिशा काही अंशांनी चुकते, आणि एकाचा उजेड शेजाऱ्याच्या खाती सहज जमा होतो. २०१२ साली याच समूहात पसरट उजेडाचा पुरावा मिळाल्याचे काही संशोधकांनी मांडले. परंतु यादीत नसलेले काही बिंदुरूप उगम हिशेबात धरताच तो बहुतांशी ओसरला.

वजाबाकीनंतर उरलेला उजेड कितपत खरा, हे सांगणारा भाच्याचा आकडाही, उगम मान्य करण्यासाठी रूढ असलेल्या २५ या दंडकाच्या पुष्कळ खाली राहिला. मी हळहळलो, तेव्हा तो म्हणाला, "मामा, बाकी काही उरली नाही, हीसुद्धा नोंद करावी लागते." आणि त्याने कणांच्या निरनिराळ्या वस्तुमानांसाठी त्यांच्या नाशाच्या वेगाची कमाल मर्यादा काढण्यास आरंभ केला, म्हणजे यापुढे जो कोणी याहून अधिक वेगाची कल्पना मांडील, त्याला आधी या कोष्टकाशी झगडावे लागेल.