तालुक्यातले बोलके दगड



आपल्या भागात कोनशिलांना तोटा नाही. बंधारा झाला की कोनशिला, सोसायटीचं गोडाऊन झालं की कोनशिला, शाळेची एक खोली वाढली तरी कोनशिला. गुळगुळीत दगड, त्यावर 'शुभहस्ते', 'अध्यक्षस्थानी', 'प्रमुख उपस्थिती' आणि खाली वीस-पंचवीस नावं. जागा कुणी दिली, पाया कुणी खणला, बांधकामाला आपल्या विहिरीचं पाणी कुणी सोडलं, हे त्यावर बहुधा नसतं. पण एवढ्यावरून आजच्या पुढाऱ्यांना नावं ठेवायला नकोत. ही रीत जुनी आहे. किती जुनी, हे बघायचं असेल तर लांब जायला नको, वेळापूरला जावं.

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळाला आपण सगळेच जातो. पण तिथल्या जुन्या शिलालेखांपुढं थांबणारे थोडे. त्यातला एक लेख शके १२२२ चा, म्हणजे इसवी सन १३०० चा. देवगिरीचा यादव राजा रामचंद्रदेव याच्या अमदानीतला. ब्रह्मदेवराणा नावाचा त्याचा अधिकारी या मुलखावर होता, त्याचं नाव लेखात आहे आणि देवासाठी केलेल्या बांधकामाची नोंद आहे. म्हणजे सव्वासातशे वर्षांपूर्वीची ही कोनशिलाच झाली. पाथरवटाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, ब्रह्मदेवराण्याचं ठाऊक आहे!

आता शके १२२२ या आकड्याकडं जरा नीट बघा. ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ मध्ये, नेवाशाला. माउलींनी आळंदीला समाधी घेतली शके १२१८ मध्ये. म्हणजे वेळापूरचा दगड समाधीनंतर चारच वर्षांनी कोरला. ज्या मराठीत माउली बोलले त्याच काळची मराठी आपल्या तालुक्यात दगडावर आहे, आणि दरवर्षी आषाढी वारीत माउलींची पालखी त्याच वेळापूरला मुक्कामाला येते. पोथी हातानं उतरवली जाते. उतरवणारा एखादा शब्द बदलतो, एखादी ओळ गाळतो. दगडावरचं अक्षर मात्र ज्यानं कोरलं त्याचंच राहतं. जुनी मराठी नेमकी कशी होती हे ठरवताना म्हणूनच अभ्यासक असल्या लेखांना एवढा मान देतात. वाचायला गेलं तर अक्षर ओळखीचं वाटतं पण लागत नाही. त्याचं एक कारण असं, की त्या काळी एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभी रेघ ओढून देत. त्याला पडिमात्रा म्हणतात. एवढं कळलं तरी निम्मं काम हलकं होतं.

आणखी एक गोष्ट. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली ती १२९६ च्या सुमाराची. रामचंद्रदेवाला जबर खंडणी द्यावी लागली. म्हणजे हा लेख कोरला तेव्हा राज्याला हादरा बसून चार-पाचच वर्षं झाली होती. पण शिलालेखात राजाच्या विजयाचाच शब्द घालायची पद्धत. कोनशिलेवर अडचणी लिहीत नाहीत, तेव्हाही लिहीत नसत.

हे झालं राजाचं आणि अधिकाऱ्याचं. आपल्यासारख्याचा दगड वेगळा असतो. त्याला वीरगळ म्हणतात. गावाच्या वेशीला, मारुतीच्या पाराला, कधी ओढ्याच्या काठाला कंबरेएवढा उभा दगड असतो, त्यावर खालपासून वर तीन-चार चौकटी कोरलेल्या. शेंदूर फासलेला असला की आपण हात जोडून पुढं जातो. तो वाचायचा असतो खालून वर. सगळ्यांत खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. शेजारी गाई कोरलेल्या असल्या तर तो गावाची जनावरं सोडवताना पडला असं धरतात. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला असतो. माथ्याला कळस, बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेतो याची आठवण राहो. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. नाव गेलं, गाव कुठलं तेही गेलं, पण जनावरांसाठी एक माणूस मेला एवढं त्या दगडानं धरून ठेवलं. ज्याच्या गोठ्यात बैलजोडी होती त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असला तर तो सतीचा दगड.

तिसरा प्रकार गधेगळ. राजानं कुणाला जमीन इनाम दिली की ती कुणी बळकावू नये म्हणून असा दगड उभा करत. त्यावर गाढवाचं आणि बाईचं चित्र असतं. हे दान मोडील त्याच्या आईवर काय ओढवेल ते त्यात उघड दाखवलेलं असतं. महाराष्ट्रात असे दगड ठिकठिकाणी मिळाले आहेत. चित्र बघून माणसं लाजतात आणि दगड पालथा घालतात. पण तो त्या काळचा सातबारा होता असं समजा. मोजणीदार नव्हता, कोर्ट लांब होतं, तेव्हा शिवी हाच दस्त! बांधाच्या तंट्यात आपण आजही फार वेगळं करतो असं नाही.

आता अकलूजकडं येऊ. कॉलेजामुळं, बाजारामुळं नि दवाखान्यांमुळं सगळ्या तालुक्याचा पाय अकलूजला लागतो. नीरेच्या काठी जुना भुईकोट आहे. आत शिवसृष्टी उभी आहे. शाळांच्या सहली येतात, पोरं शिवचरित्रातले प्रसंग बघतात. चांगली गोष्ट आहे. पण या गावचा स्वतःचा एक प्रसंग आहे, तो सांगितल्याशिवाय किल्ला पुरा बघितला असं आम्ही धरत नाही.

औरंगजेबानं १६८६ मध्ये विजापूर घेतलं, १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतला. मग तो मराठ्यांवर उलटला. १६८९ च्या सुरुवातीला त्याची छावणी आपल्या अकलूजला पडली होती. छावणी म्हणजे दहा-वीस तंबू नव्हेत, ते हलतं शहरच. हत्ती, घोडे, उंट, बाजारबुणगे, आणि सगळ्यांचा चारा-पाणी आसपासच्या रयतेच्या बोकांडी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुकर्रबखानानं कोकणात संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराजांना पकडलं. ती खबर बादशहाला मिळाली ती अकलूजला. छावणीत आनंद झाला आणि बादशहानं अकलूजला 'असदनगर' असं नाव दिलं. पुढं बहादूरगडाला महाराजांना त्याच्यासमोर नेलं आणि ११ मार्च १६८९ रोजी भीमेच्या काठी त्यांची हत्या झाली. बादशहाला वाटलं काम संपलं. त्यानंतर तो अठरा वर्षं याच मुलखात झुंजत राहिला. आपल्या जिल्ह्यातच मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरी-माचणूरला त्यानं कित्येक वर्षं तळ दिला. शेवटी १७०७ साली नगरजवळ मेला, दिल्ली त्याला परत दिसली नाही. आणि 'असदनगर' हे नाव आज अकलूजच्या बाजारात कुणाला विचारलं तर तो म्हणेल, "कुठं आलं वो हे?"

सगळ्याच खुणा दगडाच्या नसतात. नीरा उजव्या कालव्याचं पाणी ही तालुक्याची मोठी खूण. भाटघरचं धरण नव्यानं मोठं बांधलं, ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुरं झालं आणि या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी इकडं येऊन ऊस केला, गूळ केला आणि १९३२ मध्ये स्वतःच्या भागभांडवलावर दि सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली. माळीनगर गाव त्यातूनच उभं राहिलं. ती रीतसर कंपनी, सहकारी संस्था नव्हे. प्रवरानगरचा सहकारी कारखाना चालू व्हायला १९५० उजाडलं. पण भागधारक शेतकरी आणि कारखाना त्याचाच, ही गोष्ट आपल्या तालुक्यानं आधी करून दाखवली होती. पुढं शंकरराव मोहिते-पाटलांनी सहकाराचं जाळं विणलं. अकलूजच्या कॉलेजाला आणि तिथल्या सहकारी कारखान्याला आज त्यांचंच नाव आहे.

तशीच पालखीची वाट. आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. माउलींचे अश्व येतात ते बेळगाव भागातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. धर्मपुरीला सोहळा आपल्या जिल्ह्यात शिरतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम, पुरंदवड्याला गोल रिंगण. तुकोबांची पालखी अकलूजवरून जाते, तिचं गोल रिंगण अकलूजला आणि उभं रिंगण माळीनगरला. एरवी त्या रानात काही दिसत नाही. पण अमक्या दिवशी अमक्या रानात घोडा धावणार हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. त्याला पाटी लागत नाही.

ही वाट आता चौपदरी झाली. पालखी महामार्गाच्या कामाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झालं. रस्ता हवाच होता, उसाच्या वाहनांना तर हवाच होता. पण रुंदीकरण कुठलंही असो, कडेची जुनी झाडं, मैलाचे दगड, पार, विहिरी यांचा त्यात पहिला बळी जातो. आणि रस्त्यापेक्षा जास्त दगड आपण स्वतः हलवतो. जमीन सपाट करताना जेसीबीच्या बकेटात वीरगळ आला की तो ताली घालायला जातो, नाहीतर जनावरांच्या पाण्याच्या टाकीला टेकू होतो. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की उत्साहात शिलालेखावर ऑइलपेंटचे दोन हात बसतात. चुना एकवेळ हळूहळू निघतो. ऑइलपेंट दगडाच्या छिद्रांत बसतो, तो काढायला तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावलं की रंगाबरोबर अक्षरही जातं. शंभर वर्षांच्या उन्हापावसानं होत नाही एवढं नुकसान एका रविवारच्या श्रमदानात होतं. हे कडू वाटेल, पण खरं आहे.

तेव्हा सभासदांना विनंती. शेतात कोरीव दगड निघाला तर तो जिथं निघाला ती जागा आधी लिहून ठेवा, फोटो काढा आणि मगच हलवा. हलवायचाच झाला तर पारावर किंवा शाळेच्या आवारात उभा करा. सिमेंटमध्ये अक्षरापर्यंत गाडू नका. नाणी, तांब्याचे पत्रे, मूर्ती असलं काही जमिनीत सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं दहा रुपयांवरची कुठलीही चीज कलेक्टरला कळवावी लागते. तहसीलमधून ते करता येतं. लपवली तर हक्कही जातो आणि वर दंड. ताम्रपट मोडीत घालून दोन किलो तांब्याचे पैसे घेऊ नका, त्यावर कुणाच्या तरी जमिनीचा कागद असतो.

अक्षर वाचता येत नसेल तर खडूनं गिरवू नका. गिरवणारा चुकतो आणि पुढचा माणूस ती चूकच वाचतो. फोटो सकाळी दिवस वर येताना किंवा संध्याकाळी उतरताना काढा. तिरप्या उन्हात झिजलेलं अक्षरही सावलीनं उठून दिसतं. रात्री बॅटरी दगडाच्या कडेनं आडवी धरली तरी तोच गुण येतो. जुने अभ्यासक ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून बसवत, वर शाई टिपत आणि ठसा उचलत. पण ते जाणकाराचं काम, घरी करू नये.

आपल्या शिवारात, वेशीला किंवा ओढ्याला असा दगड असेल तर गट ऑफिसात चिटबॉयजवळ चिठ्ठी द्या. गाव, गट नंबर, कुठल्या बांधाला, किती चौकटी, अक्षर आहे की नाही, एवढं लिहिलं तरी पुरे. आलेल्या चिठ्ठ्या गाववार छापू. ज्यानं कळवलं त्याचं नाव दगडाच्या खाली छापू, वर नाही.