पॅकेज ३ लाख ६० हजार, खात्यात किती?

अक्कलकोटचा पोरगा हिंजवडीच्या एखाद्या मोठ्या आयटी कंपनीत लागला की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पॅकेज किती? ३ लाख ६० हजार, असं उत्तर आलं की ऐकणारा बाराने भागून महिन्याला ३० हजार पगार ठरवून मोकळा होतो. स्थळ बघतानाही हाच आकडा धरतात.

पॅकेज म्हणजे तो माणूस कंपनीला वर्षाकाठी कितीला पडतो, तो आकडा. समजा, मूळ पगार १५ हजार आहे. कंपनीने भरायचा १२ टक्के पीएफ, म्हणजे १,८०० रुपये, त्या ३० हजारांतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० रुपयेही त्यातच. आणि कायम नोकरीत ती मिळायला पाच वर्षं टिकावं लागतं. पॅकेजचा दहावा हिस्सा ‘व्हेरिएबल’ असेल, तर महिन्याचे ३ हजार कंपनीच्या नफ्यावर आणि साहेबाच्या शेऱ्यावर लटकलेले. राहिले साडेचोवीस हजार. त्यातून पोराच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की खात्यावर येतात साडेबावीस हजार. मुलगी असेल तर हा कर माफ, कारण महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागत नाही. पीएफ बुडत नाही, तो आपलाच. पण वाकडच्या खोलीचं भाडं त्यातून देता येत नाही.

‘एसीत बसायचं, काम ते काय?’ हा दुसरा समज. सपोर्टचं काम करणाऱ्याला विचारा. गिऱ्हाइकाचं काही अडलं की तिकीट पडतं आणि घड्याळ सुरू होतं. ठरल्या तासांत ते सुटलं नाही तर वरून फोन. कुठल्या कामाला किती तास गेले, ते टाइमशीटमध्ये भरायचं. अमेरिकेत सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ, म्हणून मीटिंग रात्री.

फाडफाड इंग्रजी मात्र लागत नाही. ईमेल नेमका लिहिता आला पाहिजे. कँटीनमध्ये मराठी-हिंदीच चालते. इन्फोसिसच्या म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात गेलेल्या अक्कलकोटच्या पोराला तर, घरी कन्नड बोलत असतील तर, तेही कामी येतं. ते कन्नड उत्तर कर्नाटकाच्या वळणाचं आहे, हे तिथले लोक लगेच ओळखतात, तो भाग वेगळा.

वशिल्याचं म्हणाल, तर ओळखीच्या माणसाने नाव सुचवणं, म्हणजे रेफरल, ही रीतसर पद्धत आहे. त्याने अर्ज लवकर नजरेखाली जातो. मुलाखत आपली आपणच द्यायची. नोकरी लावतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर तिथूनच उठावं.

राहता राहिली ‘कायमची नोकरी’. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं, म्हणजे मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करण्याचं जाहीर केलं. उलट, आपण सोडायची म्हटली तर बऱ्याच कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पिरियड असतो. ‘पटत नसेल तर उद्याच्या गाडीने ये’ असं घरून सांगतात. पण नोटीस न भरता निघालं तर रिलीव्हिंग लेटर अडतं आणि पुढची कंपनी पहिल्यांदा तेच मागते.